टेंभी नाक्यावरचे शोमरोनी

शास्त्रपाठ : लूक १०:२५–३७
जोडीला वाचावे : उत्पत्ती २४:१०–२०, २ राजे ५:१–१४, योहान ४:४–९, प्रेषितांची कृत्ये २८:१–१०



या अंकातले शास्त्राभ्यासाचे पान माझ्याकडे आले आहे. चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर मी आजवर किती वेळा बोलले, याचा हिशेब नाही. महिला संघात बोलले, रविवारच्या शाळेत बोलले, डिप्लोमाच्या परीक्षेत तर त्यावर दहा गुणांचा प्रश्नही सोडवला. तरी हा दाखला गेल्या जुलैमध्ये मला टेंभी नाक्याजवळच्या रस्त्यावर, पावसात बसून पुन्हा शिकावा लागला. तोच पाठ आज तुमच्यापुढे ठेवते.

पावसातली संध्याकाळ

त्या दिवशी मी मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरून परतत होते. कल्याणपर्यंत एसटी, तिथून लोकल आणि ठाणे स्टेशनवरून जांभळी नाक्याच्या बाजारातून पायी घरी, हा माझा नेहमीचा रस्ता. खांद्यावरच्या पिशवीत सात मुलांच्या जातीच्या दाखल्याचे कागद होते. घरी ते नीट लावून, झेरॉक्स काढून दुसऱ्या दिवशी कल्याणला प्रांत कार्यालयात द्यायचे होते.

हे कागद म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना सांगायला हवे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी आपल्या राज्यात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली जन्माची नोंद लागते. दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जाणारा आणि पावसाच्या तोंडावर परतणारा कातकरी असा कागद कुठून जपून ठेवणार? म्हणून एकेक नक्कल मिळवायला महिने जातात. त्या पिशवीत वर्षभराची धावपळ होती.

बाजार संपता संपता माझा पाय चिखलावरून सरकला आणि मी आडवी झाले. घोट्यातून कळ गेली. पिशवी उलटली आणि कागद रस्त्यावरच्या पाण्यात पसरले. उठता येईना, ओरडायचीही लाज वाटत होती. दोन-तीन छत्र्या बाजूने निघून गेल्या.

मग तीन तरुण थांबले. तिघे एकमेकांचे कोणी नव्हते. पहिला गोविंदा पथकाचा टी-शर्ट घातलेला मुलगा होता, सरावाला निघालेला. त्याने माझा घोटा न हलवता पाहिला, स्वतःच्या सॅकमधून क्रेप बँडेज काढले आणि पट्टी बांधू लागला. म्हणाला, "आमच्यात रोज कोणीतरी पडतं, काकू. घाबरू नका, मोडलेलं वाटत नाही. पण एक्स-रे काढून घ्या."

दुसरी कॉलेजची मुलगी. तिने छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत उभी राहिली. दोन रिक्षावाल्यांनी जवळचे भाडे म्हणून मान हलवली, तेव्हा तिने तिसऱ्याच्या पुढे जाऊन उभे राहून त्याला थांबवले.

तिसरा घरोघरी जेवण पोचवणारा मुलगा. पाठीवर ती मोठी चौकोनी पेटी. गाडी कडेला लावून तो थेट कागदांकडे गेला. सगळे गोळा करून एकत्र कोंबणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. एकेक कागद दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि पेटीच्या झाकणाखाली कोरड्या जागी वेगवेगळा ठेवला. कागद फाटू नये म्हणून इतकी काळजी घेताना मी एखाद्या कारकुनालाही पाहिलेले नाही.

मी म्हटले, "अरे, तुझी ऑर्डर थंड होईल."

तो म्हणाला, "होऊ द्या, काकू. हे दाखल्याचे कागद आहेत ना? माझ्या दाखल्यासाठी आईने किती खेपा मारल्या, मला माहीत आहे. आम्ही ठाकर, शहापूरकडचे."

मी गप्प झाले. वीस वर्षे आदिवासींमध्ये काम करते, असे मी सांगत असते. पण माझ्या मनातला आदिवासी नेहमी पाड्यावर असायचा, डोंगराच्या पायथ्याशी, आपली वाट पाहत. तो माझ्याच गल्लीत जिना चढून जेवण आणून देत असेल, हे मला कधी सुचले नव्हते. कदाचित माझ्याही दारात तो आला असेल. मी पिशवी घेऊन दार लावले असेल.

रिक्षात बसताना मी घाईघाईने पर्समधून दोनशे रुपये काढून त्याच्यापुढे धरले. त्याने नोटांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पैसे नको, काकू. कागद जपा." एवढे बोलून तो गेला. रागावला नव्हता, पण त्याचा चेहरा थोडा उतरला होता. तिघांपैकी एकाचेही नाव मी विचारले नाही.

मी बाजूने गेले होते

घरी पाय उंच ठेवून बसले असताना दुसरी एक संध्याकाळ आठवली. ती सांगायला संकोच वाटतो, पण शास्त्राभ्यासात झाकपाक करून काय उपयोग?

आदल्या वर्षी याच भागात एक मुलगा दुचाकीवरून घसरून पडला होता. मी प्रार्थनासभेला निघाले होते आणि उशीर झाला होता. लोक जमले होते, म्हणून मी मनाशी म्हटले, 'कोणीतरी बघेल. ही पोरे गाड्याही कशी बेफाम चालवतात!' आणि पुढे गेले. सभेत त्या दिवशी मीच वचन वाचले.

टेंभी नाक्यावर राहणाऱ्यांना तरुणांचा गोंगाट नवा नाही. आनंद दिघे यांनी सुरू केलेला इथला नवरात्रोत्सव आणि इथली दहीहंडी दूरवर प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, ढोल-ताशे आणि ध्वनिक्षेपक वाजत असतात. घरात म्हातारी माणसे असली की त्रास होतो, हे खरे आहे. पण त्रासाची सवय झाली की आपण त्या मुलांना माणूस म्हणून पाहणे सोडतो. ती सगळी मिळून आपल्यासाठी फक्त 'ती पोरे' होतात. ज्या सरावाबद्दल मी कुरकुर करत होते, त्या सरावानेच एका मुलाला मुरगळलेला पाय कसा बांधावा हे शिकवले होते.

दाखला नीट वाचू या

यरुशलेमहून यरिहोला जाणारी वाट सुमारे पंचवीस किलोमीटरची, आणि एवढ्या अंतरात ती जवळजवळ हजार मीटर खाली उतरते. ओसाड, खडकाळ आणि लुटारूंची. तिथे एक माणूस अर्धमेला पडला आहे. याजक येतो आणि जातो, लेवी येतो आणि जातो. शोमरोनी थांबतो.

आपण हा दाखला वाचताना नकळत स्वतःला शोमरोन्याच्या जागी बसवतो. आपली संस्था, आपली वर्गणी, आपली वैद्यकीय शिबिरे म्हणजे तेल आणि द्राक्षारस. आणि वाटेत पडलेला माणूस म्हणजे आदिवासी. मी स्वतः असेच शिकवत आले.

पण प्रभूचा प्रश्न वेगळा आहे. शास्त्र्याने विचारले होते की शेजारी म्हणावे तरी कोणाला, म्हणजे मी कोणाचे भले करायला बांधील आहे. प्रभूने तो प्रश्न उलटवला. त्या पडलेल्या माणसाचा शेजारी तिघांपैकी कोण झाला, असे त्याने विचारले. म्हणजे ऐकणाऱ्याला त्याने रस्त्यावर आडवे केले आणि तिथून वर पाहायला लावले. आता सांग, तुला उचलायला कोण आले? शास्त्र्याला 'शोमरोनी' हा शब्द तोंडातून काढणेसुद्धा जड गेले. दया करणारा, एवढेच तो म्हणाला.

ज्याला आपण कमी लेखतो त्याचे भले करणे त्या मानाने सोपे आहे. त्याच्याकडून आपले भले करून घेणे आणि ते उघडपणे कबूल करणे कठीण आहे. प्रभू त्या शास्त्र्याला तिथपर्यंत नेत होता.

शास्त्रातील परके तरुण

हे एकाच दाखल्यात आहे असे नाही. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात रिबका विहिरीवर आली तेव्हा समोरचा माणूस तिला पूर्ण अनोळखी होता. त्याने घोटभर पाणी मागितले. तिने त्याला पाजले आणि त्याच्या दहा उंटांसाठीही ती पाणी काढू लागली. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. म्हणजे त्या मुलीने किती घागरी ओढल्या असतील, याचा हिशेब वाडीवर डोक्यावरून पाणी आणणाऱ्या आपल्या बहिणींना लगेच कळेल. आपण कोणत्या मोठ्या कथेत पाऊल टाकत आहोत, हे रिबकेला ठाऊक नव्हते. तिने फक्त समोरची तहान पाहिली.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नामानाच्या घरची ती लहान मुलगी आहे. अरामी टोळ्यांनी तिला घरातून उचलून आणले होते. तिच्याजवळ ना आईबाप, ना देश, ना स्वातंत्र्य. आजच्या अहवालात आपण तिचे नाव 'लाभार्थी' म्हणून लिहिले असते. पण त्या घरात देणारी तीच ठरली. धन्याच्या कोडावर इलाज शोमरोनात आहे, ही माहिती फक्त तिच्याजवळ होती आणि ती तिने मनात कडवटपणा न ठेवता सांगितली. नामान बरा झाला, कारण मोठ्या माणसांनी एका परक्या मुलीचे बोलणे ऐकून घेतले. शास्त्र तिचे नाव सांगत नाही. शोमरोन्याचेही सांगत नाही.

आणि आपला प्रभू? याकोबाच्या विहिरीजवळ तो दमून बसला आणि एका शोमरोनी बाईजवळ त्याने पाणी मागितले. ज्यांच्या भांड्याला त्याचे लोक हात लावत नव्हते, त्यांच्या भांड्यातून प्यायला तो तयार होता. सगळे देणाऱ्या प्रभूने आधी मागितले, हे आपण सेवकांनी विसरू नये.

नाक्यावरची एक जुनी साक्ष

मी पडले तिथून थोड्याच अंतरावर, टेंभी नाक्यावर, यहुद्यांचे सभास्थान आहे. बेने इस्राएल समाजाने ते १८७९ मध्ये बांधले. त्याचे नाव शाअर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचे द्वार. बेथेल येथे याकोबाने स्वप्नातून जागे होऊन जे उद्गार काढले, त्यांतले हे नाव.

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. कोकणातल्या गावकऱ्यांनी त्यांना आपल्यात राहू दिले. ते तेलाच्या घाण्याचे काम करू लागले, मराठी बोलू लागले, गावांच्या नावांवरून त्यांची आडनावे झाली. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

प्रेषितांच्या कृत्यांचा अठ्ठाविसावा अध्याय वाचला की मला ही कथा आठवते. पौलाचे तारू फुटले, माणसे मेलिते बेटावर लागली. पाऊस होता, थंडी होती. त्या बेटावरच्या परभाषी लोकांनी शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतले. सुवार्ता घेऊन निघालेल्या प्रेषिताला आधी त्यांची ऊब घ्यावी लागली. नवगावच्या किनाऱ्यावर भिजलेल्या परक्यांना ज्यांनी जवळ केले, त्यांचीही नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. पण ते सभास्थान आजही नाक्यावर उभे आहे.

"आमच्या हातचं चालत नाय का?"

पाय बरा झाल्यावर मी पुन्हा वाडीवर गेले. कागद वाळले होते, एकही फाटला नव्हता. तिथल्या एका आजीला मी सगळी हकीकत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली आणि मग जे बोलली, ते मी जन्मभर विसरणार नाही.

"बाई, त्या पोराचं तू घेतलंस. आमचं कुठं घेतेस? इतकी वर्सं येतेस, भाकर पुढं केली की 'भूक नाय' बोलतेस. आमच्या हातचं चालत नाय का?"

मी आजवर नाही म्हणत आले होते, ते त्यांच्याकडे आधीच थोडे असते म्हणून. त्यांच्या मुलांच्या तोंडचा घास आपण का घ्यावा, असा माझा विचार. मला तो चांगुलपणा वाटत होता. त्यांना मात्र त्यात वेगळेच काही दिसत होते, जे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. दोनशे रुपये पुढे करताना मी त्या मुलाशीही हेच केले होते. कोणाचे काही अंगावर राहू नये, देणारी मीच राहावी, ही माझी धडपड होती. मी तिला सेवा म्हणत होते. त्यात अभिमानही होता.

त्या दिवशी मी नाचणीची भाकर आणि टाकळ्याची भाजी खाल्ली. आजीने दुसरी भाकर न विचारता वाढली. सातपैकी पाच मुलांचे दाखले आता हाती आले आहेत, दोघांचे व्हायचे आहेत. पण वाडीवर मी गेल्यावर आता खाट टाकतात, आणि माझ्याशी बोलताना आवाज खाली करत नाहीत. हा फरक दाखल्यांमुळे पडला नाही. तो भाकरीमुळे पडला.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, आपल्या गल्लीतल्या तरुणांकडे नव्याने पाहावे. जेवण आणणारा, पार्सल देणारा, इमारतीच्या बांधकामावर राहणारा, नाक्यावर उभा असलेला. त्यांतला कोण कुठून आला आहे, हे विचारावे. ज्यांच्यासाठी आपण वर्गणी देतो, त्यांची मुले आपल्या जिन्यात असतील.

दुसरी गोष्ट, कोणी मदत केली तर ती मोकळ्या मनाने घ्यावी. लगेच पैशाने फेड करू नये. 'देव तुझे भले करो' म्हणावे, नाव विचारावे, आणि प्रार्थनेत ते नाव घ्यावे. मला हे जमले नाही. मी आजही त्या तिघांसाठी नावांशिवाय प्रार्थना करते.

तिसरी गोष्ट, आपल्या मुलांना मदत करायला घाबरवू नये. पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस, असे आपण घराघरांत शिकवतो. पण सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम घालून अशा माणसाला संरक्षण दिले गेले. आणि कायद्याने त्याला नाव कोणते दिले? 'गुड समॅरिटन', चांगला शोमरोनी. लूकच्या दहाव्या अध्यायातला माणूस आज आपल्या देशाच्या कायद्यात आहे. तो आपल्या घरातही असावा.

चौथी गोष्ट आपल्या या त्रैमासिकासाठी. आपण किती वह्या दिल्या, किती चादरी वाटल्या, हे आपण दर अंकात छापतो. हिशेब द्यायलाच हवा, तो तुमच्या वर्गणीचा आहे. पण त्याबरोबर आम्हा कार्यकर्त्यांना पाड्यांवरून काय मिळाले, तेही लिहावे, अशी माझी संपादकांना विनंती आहे. सुरुवात मी केली आहे : दोन भाकरी, एक भाजी आणि एक खरा शब्द.

चर्चेसाठी प्रश्न

१. हा दाखला वाचताना आजवर तुम्ही स्वतःला कोणत्या जागी ठेवत आलात? पडलेल्या माणसाच्या जागी ठेवल्यावर काय वेगळे ऐकू येते?
२. अनोळखी तरुणाने तुम्हाला केलेली एखादी मदत आठवा. ती घेताना तुम्हाला काय वाटले?
३. नामानाच्या घरच्या मुलीचे बोलणे कोणी ऐकले नसते तर? आपल्या मंडळीत तरुणांचे आणि आदिवासी बांधवांचे बोलणे कोण ऐकते?
४. ज्यांची आपण सेवा करतो, त्यांच्या घरी आपण जेवलो आहोत का?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आम्ही वाटेत पडलो तेव्हा तू आमच्याकडे ज्यांना पाठवलेस, त्यांच्यासाठी तुझी उपकारस्तुती करतो. त्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत, तुला ठाऊक आहेत. त्यांच्या वाटा, त्यांच्या गाड्या, त्यांच्या आया सांभाळ. आम्हाला देण्याचा आनंद दिलास, तसे घेण्याचे नम्र मनही दे. आमच्या बंधुभगिनींच्या हातची भाकर आम्हाला गोड लागू दे. विहिरीवर पाणी मागणाऱ्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.